मिहानमध्ये नोकरी लागली आहे. नागपुरात १२ हजारांच्या आत किरायाचं घर कुठे पाहावं?

तुम्ही नवरा-बायको दोघंच आणि ऑफिस मिहानला, तर धरमपेठ-रामदासपेठेचा नाद सोडा. तिथे पैसे पत्त्याचेच जास्त मोजावे लागतात. मिहान, म्हणजे विमानतळापलीकडचा कंपन्यांचा भाग, वर्धा रोडला आहे, तेव्हा त्याच बाजूने पाहा: सोमलवाडा, नरेंद्रनगर, मनीषनगर. मेट्रोची ऑरेंज लाइन इथूनच खापरीला जाते. खापरीला उतरल्यावर ऑफिसपर्यंत काय मिळतं, ते कंपनीत आधी विचारून घ्या. बेसा-पिपळ्याकडे किराया उतरतो, पण पाणी नळाचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा.

फ्लॅटपेक्षा लेआउटमधली घरं बघा. मालक खाली राहतो, वरचा माळा किरायाने देतो. अशी बरीच घरं साइटवर येतच नाहीत. गेटला पाटी लटकलेली असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला माहीत असतं. संध्याकाळी गाडी काढून गल्ल्या फिरा, एजंटची दलाली वाचेल.

घर आवडलं की ते एकदा दुपारी तीन वाजता पाहा. ही माझी कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. डोक्यावर थेट स्लॅब आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला, अशी खोली रात्री अकरालाही निवत नाही. भिंतीला हात लावा. कूलर कोणत्या खिडकीत बसेल, बाहेर स्टँड ठोकू देतील का, टाकी भरायला नळ जवळ आहे की बादल्या वाहायच्या, सगळं तिथेच उभं राहून बघा. वर आणखी एक माळा असलेलं घर मिळालं तर मी हजार रुपये जास्त देईन. नाहीतर ते हजार एसीच्या बिलात जातातच.

तळमजला मिळत असेल तर नाला किती जवळ आहे ते पाहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, तेव्हा अंबाझरी लेआउटसारख्या चांगल्या वस्तीतही घराघरांत पाणी शिरलं होतं.

अकरा महिन्यांचा करारनामा नोंदणी करूनच घ्या. "स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करू, चालतं" असं म्हणतील, ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट कधी परत मिळणार, रंगाचे पैसे कापणार का, हेही त्यातच लिहून घ्या.

आणि विजेचं मीटर स्वतंत्र आहे का ते बघा. सबमीटर, म्हणजे मालकाच्याच मीटरवरून जोडलेलं मीटर असेल तर युनिटचा दर आधी ठरवा. महावितरणचा दर युनिट वाढले की स्लॅबप्रमाणे चढतो. दोन्ही घरांचे युनिट एकाच मीटरवर पडले की तुम्ही कितीही जपून वापरलं तरी महागाचा स्लॅब तुमच्याही वाट्याला येतो.