'बनगरवाडी' वाचून नेटवर काय शोधायचं?

प्रश्न: नववीला मराठी शिकवते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचून नेटवर प्रोजेक्ट करा म्हटलं की सगळ्यांकडून लेखकाच्या माहितीचा तोच परिच्छेद कॉपी होऊन येतो. काय करू?

उत्तर: ताई, प्रश्नच असा द्या ज्याचं उत्तर एका पानावर मिळत नाही. म्हणजे बघा, कादंबरीत औंध संस्थानातली धनगरांची वाडी आहे, तालमीच्या कार्यक्रमाला राजा येतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. मग एका गटाला विचारा, इथे दुष्काळ वारंवार का? मुलं मॅपवर त्या भागातली आटपाडी बघतील, सह्याद्री बघतील, पर्जन्यछाया (डोंगर पाऊस अडवतो, पलीकडे कमी पडतो) कळेल, जिल्हा गॅझेटियरमधले (सरकारी माहितीग्रंथातले) पावसाचे आकडे काढतील. दुसऱ्या गटाला औंधचा राजा आणि 1939 ची तिथली स्वराज्य घटना द्या, मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. तीन-चार लिंका मात्र तुम्हीच द्या, नाहीतर तास शोधण्यातच जातो हो. 1995 मध्ये अमेरिकेत बर्नी डॉज यांनी वेबक्वेस्टची (शिक्षकाने निवडलेल्या लिंकांवरून मुलांनी शोध घेण्याची) पद्धत काढली ती याचसाठी, मुलांचा वेळ विचार करण्यात जावा. आणि शेवटी नुसती माहिती मागू नका, वाडीच्या कारभाऱ्याच्या वतीने राजाला अर्ज लिहायला सांगा, कादंबरीतला एक प्रसंग आणि शोधलेला एक आकडा त्यात हवाच.