डॉक्टरला काय यायला हवे, हे कोणी ठरवायचे?

वैद्यकीय शिक्षणाविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखक वेगवेगळे आहेत, विचारण्याची कारणेही वेगळी आहेत, पण चारही प्रश्न अखेर एकाच गाठीपाशी येतात. नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. तिच्या लॉगबुकात दोन अक्षरे आणि पुढे आकडे असे क्रमांक छापलेले आहेत व त्यांपुढे शिक्षक सह्या करतात. माझा भाऊ डॉक्टर झाला तेव्हा असे काही नव्हते. हा प्रकार काय आहे आणि तो कोणी ठरवला? (एक पालक, सांगली)

उत्तर : ते क्रमांक क्षमतांचे आहेत. अक्षरे विषय सांगतात, पहिला आकडा प्रकरण आणि टिंबानंतरचा आकडा त्या प्रकरणातील एक क्षमता सांगतो. प्रत्येक क्षमतेपुढे ती कोणत्या पातळीपर्यंत यायला हवी हेही ठरवलेले असते : नुसती माहिती असणे पुरेसे आहे, ती कृती कशी करतात हे सांगता यायला हवे, देखरेखीखाली करून दाखवता यायला हवी, की स्वतंत्रपणे पार पाडता यायला हवी. ही चढती उतरंड जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९० मध्ये मांडली आणि तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात ती रुळली आहे.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये तीन खंडांत तयार केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून तो लागू झाला. त्याआधी पदवी शिक्षणाचा कारभार १९९७ च्या नियमावलीवर चालत होता, म्हणजे आपल्या भावाच्या वेळी लॉगबुकात क्षमतांचे क्रमांक नसणे स्वाभाविकच आहे. नव्या आराखड्याने डॉक्टरच्या पाच भूमिका मानल्या : उपचार करणारा, आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक निष्ठा जपणारा. आता आयुर्विज्ञान परिषद राहिलेली नाही. सप्टेंबर २०२० पासून तिचे काम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग पाहतो आणि हा आराखडा त्याच्याच अखत्यारीत आहे.

मुलीला एक गोष्ट मात्र जरूर विचारा : सही होण्याआधी शिक्षकांनी ती कृती पाहिली होती का? गठ्ठ्याने झालेल्या सह्यांना काही अर्थ नसतो.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक आहे. आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांना (इंटर्नना) कोणती कौशल्ये यायलाच हवीत, याची आमच्या रुग्णालयाची यादी जुनी झाल्यामुळे अधिष्ठातांनी सात विभागांची समिती नेमली आणि समन्वयक म्हणून माझे नाव घातले. समितीतले बहुतेक सदस्य मला वरिष्ठ आहेत, दोघे तर माझे शिक्षकच आहेत. दोन बैठकांत यादी दुप्पट झाली आणि एकही जुनी नोंद गळली नाही. हे काम पुढे कसे न्यावे?

उत्तर : यादी दुप्पट झाली याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. प्रत्येक विभाग आपापली यादी आपापल्या टेबलावर बसून करतो तेव्हा हेच होते, आणि राष्ट्रीय पातळीवरही तेच झाले. २०१८ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात ८२ प्रकरणे आणि ४०९ क्षमता आहेत. शेजारच्या शरीरक्रियाशास्त्रात ११ प्रकरणे आणि १३७ क्षमता. मानवी शरीराची रचना त्याच्या क्रियेपेक्षा तिप्पट महत्त्वाची आहे, असे कोणताही सर्जनसुद्धा म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांचा हात कुठे सैल होता आणि कुठे आखडता, एवढेच या आकड्यांवरून दिसते. आपला विषय कमी लेखला गेला असे कोणालाच वाटून घ्यायचे नसते, म्हणून भर घालायला सगळे तयार असतात आणि ‘हे आता काढू या’ म्हणणारा वाईट ठरतो. समन्वयकाचे पहिले काम हा वाईटपणा घेण्याचे आहे. तो एकट्याने घेण्याऐवजी नियमाच्या खांद्यावर ठेवावा : तिसऱ्या बैठकीच्या सुरुवातीलाच एक नोंद वाढवायची असेल तर त्याच विभागाने एक नोंद कमी करायची, असे ठरवून घ्या आणि ते इतिवृत्तात आणा.

ज्येष्ठांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे बैठकीत विभागप्रमुख आधी बोलतात आणि मग बाकीचे ‘सरांनी म्हटलंच आहे’ अशी सुरुवात करून तेच पुन्हा म्हणतात. यावर एक जुना उपाय आहे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आकाराला आलेल्या डेल्फी पद्धतीत प्रत्येक सदस्य प्रत्येक नोंदीला निनावी गुण देतो, सर्वांचे एकत्रित गुण सर्वांना दाखवले जातात आणि ते पाहून दुसरी फेरी होते. दोन किंवा तीन फेऱ्यांत बहुतेक नोंदींचा निकाल लागतो आणि समोरासमोर चर्चेला फक्त अडलेल्या नोंदी उरतात. आपल्या शिक्षकांचे मत आपल्या मताइतकेच मोजले जाते, आणि त्यांना तसे तोंडावर सांगण्याची वेळही येत नाही. सात विभागांना साधे छापील कागद पुरतात, त्यासाठी संगणकप्रणाली विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका.

कॅनडाचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९८६ मध्ये ओंटारियो प्रांतातील डॉक्टरांनी, सरकारी दरापेक्षा जादा शुल्क घेण्यावर आलेल्या बंदीविरुद्ध २५ दिवसांचा संप केला. समाज आणि डॉक्टर यांच्यात पडलेले हे अंतर पाहून तेथील पाच वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला आणि लोकांना डॉक्टरांकडून काय हवे आहे, हे लोकांनाच विचारले. त्यातून निघालेल्या भूमिकांच्या आधारे कॅनडाच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सने १९९६ मध्ये कॅनमेड्स हा आराखडा स्वीकारला, २००५ मध्ये तो नव्याने लिहिला आणि २०१५ मध्ये जेसन फ्रँक, लिंडा स्नेल आणि जोनाथन शेरबिनो यांच्या संपादनाखाली पुन्हा सुधारला. या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रत्येक भूमिकेसाठी तज्ज्ञगट नेमले होते, मसुदे टप्प्याटप्प्याने बाहेर काढून अभिप्राय मागवले होते, आणि इतके हात लागूनही उपक्षमतांची संख्या वाढण्याऐवजी घटली. मला या साऱ्या उपक्रमात हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. त्याच आवृत्तीत ‘व्यवस्थापक’ या भूमिकेचे नाव बदलून ‘नेता’ झाले, त्यावर वादही पुष्कळ झाला. मला स्वतःला जुने नाव अधिक प्रामाणिक वाटते. खाटा, रजा आणि औषधांचा साठा सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरला नेता म्हटल्याने त्याचे काम बदलत नाही.

तुमच्या समितीत परिचारिका आहेत का, हे पत्रात लिहिलेले नाही; नसतील असे धरून लिहितो, कारण आमच्याही समितीत नव्हत्या. अशाच यादीचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. ‘रक्त चढवणे’ या नोंदीखाली आम्ही शीर शोधणे, सुई बसवणे, थेंबांचा वेग ठरवणे, अपायाची लक्षणे ओळखणे असे सगळे व्यवस्थित लिहिले होते. त्या दिवशी बैठकीची खोली मिळाली नाही म्हणून आम्ही वॉर्डालगतच्या खोलीत बसलो होतो. तिथल्या इन्चार्ज सिस्टर कपाटातून रजिस्टर घ्यायला आल्या, भिंतीवर पडलेली यादी त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाल्या, “सर, पिशवीवरचा नंबर, फॉर्मवरचा नंबर आणि पेशंटचं नाव हे खाटेपाशी उभं राहून कोण जुळवतं? इंटर्न काउंटरवरच सही करून जातात, मग ते आम्ही बघतो.” खोलीत सात प्राध्यापक होते. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटनांत प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा ओळख पटवण्यातली चूक अधिक वेळा असते, हे आम्ही सगळेच वर्गात शिकवत होतो, पण यादीत ते कोणीही लिहिले नव्हते.

ती नोंद आली आणि नियमाप्रमाणे एक जुनी काढावी लागली. साहलीच्या नळीने हिमोग्लोबिन मोजणे ही नोंद कोणत्याही वॉर्डात ती नळी उरलेली नसतानाही यादीत ठाण मांडून होती. ती काढायला आणखी दोन बैठका लागल्या. विकृतिशास्त्राच्या सरांचा विरोध शेवटपर्यंत मावळला नाही, तो त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवला आणि मगच ते सहीला तयार झाले. असहमती झाकून ठेवण्यापेक्षा लिहून ठेवावी, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो. सिस्टर, आंतरवासिता संपवून नुकतेच बाहेर पडलेले दोघेजण आणि शक्य असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक वैद्यकीय अधिकारी, एवढ्यांना तरी पुढच्या बैठकीला बोलवा आणि त्यांना आधी बोलू द्या.

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शक तत्त्वे आठवड्याच्या आत मागे घ्यावी लागली, असे वाचले. तज्ज्ञांच्या हाताखालून गेलेल्या दस्तऐवजात अशी चूक राहते कशी? (एक वकील, नागपूर)

उत्तर : आयोगाने ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ती तत्त्वे जाहीर केली, ५ सप्टेंबरला मागे घेतली आणि १२ सप्टेंबरला सुधारून पुन्हा दिली. न्यायवैद्यकशास्त्राच्या भागात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त घातले गेले होते, तर कौमार्य आणि योनिपटल यांचे ‘वैद्यकीय-न्यायिक महत्त्व’ पुन्हा अवतरले होते. त्याच तत्त्वांत अपंगत्वाविषयीच्या क्षमता गळाल्याबद्दलही अपंग हक्कांसाठी झटणाऱ्या डॉक्टरांनी आक्षेप घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सप्टेंबर २०१८ मध्येच गुन्ह्यातून वगळले होते, हे आपल्याला सांगायला नको.

यातला ‘पुन्हा’ हा शब्द मला बोचतो, कारण या प्रश्नाचा बराचसा इतिहास आपल्याच भागातला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या तथाकथित लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, हे दाखवणारा अहवाल २०१८ मध्ये सादर केला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो भाग आपल्या अभ्यासक्रमातून काढला. त्यानंतर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रमातील समलिंगी व पारलिंगी व्यक्तींविषयीच्या मजकुराकडे आयोगाचे लक्ष वेधले, आयोगाने २०२२ मध्ये न्यायवैद्यकाचा तो भाग बदलला, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘टू फिंगर टेस्ट’ (बलात्कारपीडितेची दोन बोटांनी केली जाणारी अशास्त्रीय तपासणी) शिकवली जाऊ नये म्हणून अभ्यासक्रम तपासण्याचे निर्देश दिले. एवढे सगळे होऊन दोन वर्षे उलटत नाहीत तोच जुना मजकूर परत छापला जातो.

आतल्या खोलीत काय झाले हे बाहेरच्याने सांगू नये, पण अभ्यासमंडळांवर काढलेल्या वर्षांच्या आधारे माझे मत असे आहे. आपल्याकडे निर्णय जपले जातात, कारणे जपली जात नाहीत. अमुक मुद्दा वगळला एवढे इतिवृत्तात येते. का वगळला, कोणाच्या अहवालावरून, कोणत्या निकालामुळे, हे येत नाही. सदस्य बदलतात, नवा गट कोणाच्या तरी संगणकातील जुनी फाइल उघडून तीवरच काम सुरू करतो, आणि काढून टाकलेले वाक्य कोणाच्याही हेतूशिवाय परत येते. माझ्या पिढीने ती कौमार्याची लक्षणे आकृतीसकट पाठ केली, उत्तरपत्रिकेत लिहिली आणि त्यावर गुण मिळवले; अशा हाताखाली तो परिच्छेद आला तर तो ओळखीचा वाटतो आणि नजर पुढे सरकते. यावर उपाय अगदी कारकुनी आहे. वगळलेल्या प्रत्येक नोंदीची वेगळी वही ठेवावी, नोंदीपुढे कारण आणि तारीख असावी, आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत इतर कोणत्याही कागदाआधी ती वाचली जावी. मागच्या पत्रातील समन्वयकांनीही आपल्या यादीबरोबर अशी वही सुरू करावी. साहलीच्या नळीला तिच्यात पहिले पान मिळायला हरकत नाही.

प्रश्न : या सगळ्यात रुग्णाला कोणी विचारते का? आणि विचारले, तर आमच्यासारखी सामान्य माणसे काय सांगणार? (एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आयोग नियमावलीचे मसुदे संकेतस्थळावर ठेवून सूचना मागवतो आणि त्या कोणीही पाठवू शकतो. पण मसुदा इंग्रजीत असतो आणि मुदत थोडी असते, त्यामुळे आपल्यापर्यंत तो पोचत नाही, ही तक्रार खरी आहे.

काय सांगणार, याची चिंता करू नका. रुग्णाला ‘तुम्ही समाधानी आहात का’ असे विचारले की तो हो म्हणतो, विशेषतः विचारणारा पांढऱ्या कोटात असेल तर. वर सांगितलेल्या यादीच्या वेळी आम्ही सुट्टी मिळालेल्या रुग्णांना दाराशी गाठून एवढेच विचारले की, घरी जाताना काय विचारायचे राहून गेले? बहुतेकांनी हातातली पिशवी उघडून गोळ्या बाहेर काढल्या आणि यातली कोणती कधी बंद करायची, हे विचारले. ‘सुट्टी देताना प्रत्येक औषध किती दिवस घ्यायचे हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे आणि ते त्याच्याकडून परत वदवून घेणे’ ही नोंद त्यातून आली, आणि ती आमच्या सात विभागांपैकी एकाही विभागाने सुचवलेली नव्हती.