जुळे सोलापूर की विजापूर रस्ता? आई-वडिलांसाठी घर घेताना

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका दांपत्याने विचारलेला प्रश्न असा आहे. सोलापुरात उत्तर कसब्यातील जुन्या वाड्यात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी त्यांना घर घ्यायचे आहे. दोन घरे पाहून ठेवलेली आहेत; एक जुळे सोलापुरातील बैठे रो-हाऊस आणि दुसरे विजापूर रस्त्यावर, सैफुल या वस्तीच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, आणि हे दांपत्य दोन मुलांना घेऊन वर्षातून एकदा सुट्टीत येते. किमतीत फारसा फरक नसल्यामुळे "या दोन उपनगरांपैकी राहण्यासाठी चांगले कोणते?" एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रश्नाची ही मांडणी तिकडच्या सवयीतून आलेली आहे आणि त्यात गैर काही नाही. अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून मुलांची सरकारी शाळा ठरते, मालमत्ता करही बव्हंशी त्या त्या शाळा-क्षेत्रावर आणि काउंटीवर अवलंबून असतो, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे घर यांच्या किमतीत मोठी तफावत पडू शकते. सोलापुरात तसे होत नाही. जुळे सोलापूर आणि विजापूर रस्त्याचा हा पट्टा एकाच महापालिकेत आहेत. जुन्या शहराबाहेरचा हा भाग बऱ्याच अंशी १९९२ च्या हद्दवाढीनंतर आकाराला आला आहे. कर भरायचा तो त्याच महापालिकेकडे, पाणी येणार ते त्याच योजनांमधून. एक वस्ती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे तेथील रिक्षावाल्यालाही नेमके सांगता येणार नाही. अशा वेळी उपनगराच्या नावावर अडून बसण्यात अर्थ नाही, कारण या दोन भागांत जेवढा फरक आहे त्याहून अधिक फरक एकाच भागातल्या दोन गल्ल्यांमध्ये सापडतो. तेव्हा तुलना घरांची आणि गल्ल्यांची करावी, आणि तिची सुरुवात पाण्यापासून करावी.

सोलापूरकरांना हे सांगण्याची गरज नाही, पण वीस वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाला विसर पडतो. शहराला उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने पाणी येते, टाकळीजवळ भीमेतून उपसले जाते आणि काही भागाला हिप्परग्याच्या तलावाचाही आधार आहे. एवढे स्रोत असूनही नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने येते, आणि उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटली, पंपाची वीज गेली की ते अंतर आणखी वाढते. घर दाखवणारा एजंट "इथे पाण्याचा अजिबात प्रॉब्लेम नाही" असे प्रत्येक घरासमोर म्हणतोच. त्याच्याऐवजी शेजारच्या घरातील बाईंना विचारावे, की पाणी कितव्या दिवशी येते, कोणत्या वेळी येते, किती वेळ टिकते आणि मोटार न लावता हौदात पडते का. रात्री दोन वाजता पाणी येणारी गल्ली आणि सकाळी सातला येणारी गल्ली यांत आपण परदेशात बसून फरक करणार नाही, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री उठून वाल्व्ह फिरवायचा असेल तर तिच्या दृष्टीने तोच फरक सर्वांत मोठा आहे.

यानंतर हौदाचा हिशेब करावा. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. दोन माणसांना दिवसाला २७० लिटर लागतात, म्हणजे पाच दिवसांना १३५० लिटर, आणि एवढे तर गच्चीवरच्या टाक्यांतही मावते. मात्र आपण चौघे आल्यावर घरात सहा माणसे होतात आणि पाच दिवसांची गरज ४०५० लिटरवर जाते. त्यात मुलांची अमेरिकेतील शॉवरची सवय धरलेली नाही. म्हणून रो-हाऊसला किमान पाच हजार लिटरचा जमिनीखालचा हौद आहे का ते पाहावे आणि त्याचे झाकण उघडायला लावावे. आतल्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा उमटलेल्या असतात. हौद नेहमी भरत असेल तर डाग वरच्या कडेपाशी दिसतात. ते अर्ध्यावरच थांबलेले असतील तर हौद कितीही मोठा असला तरी नळाला जोर नाही असे समजावे. फ्लॅटच्या बाबतीत सामाईक हौदाची क्षमता फ्लॅटच्या संख्येने भागून पाहावी, आणि टँकर कधी मागवावा लागतो व त्याचे पैसे कसे वाटले जातात हे सोसायटीच्या सचिवांकडून समजून घ्यावे. बोअर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यात डाळ शिजायला वेळ लागतो आणि गिझरमध्ये थर बसतो, शिवाय एप्रिल-मे महिन्यांत ते टिकते का हे वेगळे विचारावे लागते.

पाण्याखालोखाल महत्त्वाचा विषय आई-वडिलांच्या पायांचा आहे. विजापूर रस्ता हा पुढे विजयपूरला जाणारा मोठा रस्ता आहे. त्याचा फायदा असा, की दारातून बाहेर पडल्यावर रिक्षा मिळते, दुकाने आणि औषधालये हाताशी असतात, आणि वडिलांना नवी पेठेत किंवा सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जायचे असेल तर कोणाची वाट पाहावी लागत नाही. तोटा असा, की दूध, भाजी, देऊळ यांपैकी एखादी गोष्ट रस्त्याच्या पलीकडे असेल तर दिवसातून दोनदा तो रस्ता ओलांडावा लागतो, आणि वाहनांचा वेग म्हाताऱ्या माणसासाठी थांबत नाही. म्हणून फ्लॅट रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे नकाशावर पाहून भागणार नाही; त्या इमारतीतील ज्येष्ठ मंडळी सकाळी फिरायला कोठे जातात ते पाहावे. ती गच्चीवरच फेऱ्या मारत असतील तर उत्तर मिळालेच.

जुळे सोलापुरात आतल्या गल्ल्या तुलनेने शांत आहेत आणि संध्याकाळी चालण्यासारख्या आहेत. अडचण येते ती होटगी रस्त्याकडे जाताना आसरा पुलापाशी, जेथे गर्दीच्या वेळी वाहने तुंबतात. रात्री अपरात्री दवाखान्यात जाण्याचा प्रसंग आला तर शहराच्या मध्यभागाकडेच धाव घ्यावी लागणार, म्हणून दोन्ही घरांपासून वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत संध्याकाळी सहा वाजता एकदा प्रत्यक्ष गाडीने जाऊन लागणारा वेळ पाहावा. हे काम आपल्या भावाला किंवा भाच्याला सांगता येईल. रविवारी दुपारी मोजलेला वेळ उपयोगाचा नाही.

तिसऱ्या मजल्याचा प्रश्न केवळ लिफ्ट आहे किंवा नाही एवढ्यावर सुटत नाही. वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, देखभालीचा करार चालू आहे का, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर नाही तरी निदान चाकांची खुर्ची मावते का, हे तिन्ही पाहावे. रो-हाऊसमध्येही आतला जिना असतो आणि झोपण्याच्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यावर असतात. खाली एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम नसेल तर बैठ्या घराचा निम्मा फायदा गेला.

बांधकामाविषयी दोनच गोष्टी सांगतो. सोलापूरच्या परिसरात अनेक ठिकाणी काळी माती आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल तर काही वर्षांत कुंपणाच्या भिंतीला तिरप्या चिरा पडतात आणि फरशी खचते. रंग नवा असेल तर घरापेक्षा कुंपण नीट पाहावे, कारण कुंपणाची डागडुजी करण्याचा उत्साह विक्रेत्याला सहसा नसतो. दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जाणाऱ्या गावात पश्चिमेला उघडी भिंत असलेली झोपण्याची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. एसी लावता येतो, पण ज्यांना एसीत झोप येत नाही असे आई-वडील अनेकांना आहेत.

आता कागदपत्रे, आणि येथे घाई करू नये अशी आग्रहाची विनंती आहे. हद्दवाढ भागात पूर्वीच्या शेतजमिनींचे तुकडे पडून वस्त्या झाल्या. काही ठिकाणी रीतसर बिगरशेती परवानगी आणि मंजूर लेआउट आहे, तर काही ठिकाणी गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे लहान तुकडे पाडून, प्लॉट विकले गेले. अशा गुंठेवारीच्या नियमितीकरणासाठी राज्यात २००१ चा कायदा आहे आणि २०२१ मधील दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवण्यात आली. गुंठेवारीचे घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र नियमितीकरणाचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात नसेल आणि "फाईल पालिकेत आहे" एवढेच ऐकवले जात असेल, तर परदेशातून त्या फायलीचा पाठपुरावा करण्याची आपली तयारी आहे का, याचा विचार करावा. माझ्या मते तशी तयारी कोणाचीच नसते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता कराची अलीकडची पावती ही कागदपत्रे मागवावीत, आणि मालकीविषयीचा मागील तीस वर्षांचा शोध अहवाल आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा. विक्रेत्याने सुचवलेल्या वकिलाकडून घेऊ नये. फ्लॅट नव्या प्रकल्पातील असेल तर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची माहिती घरबसल्या पाहता येते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर ही नोंदणी बंधनकारक आहे. हे सर्व हाती येईपर्यंत इसार देऊ नये, मग तो अकरा हजारांचा का असेना.

पैशांच्या व्यवहारात परदेशस्थांनी सांभाळायच्या बाबी थोड्या आहेत. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना) राहते घर विकत घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन खरेदी करता येत नाही, म्हणून बिगरशेती न झालेला प्लॉट स्वस्त मिळतो आहे म्हणून त्याकडे वळू नये. रक्कम बँकेमार्फत, एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींसाठीच्या खात्यातून अथवा थेट परदेशातून पाठवून द्यावी, आणि "थोडी रोख द्या" या सूचनेला स्पष्ट नकार द्यावा. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल आणि विक्रेता भारतातच राहणारा असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो; विक्रेता स्वतःच अनिवासी असेल तर कपातीचा नियम वेगळा आणि दर बराच जास्त आहे, तेव्हा त्याची चौकशी आधीच करावी. खरेदीखताच्या वेळी येणे शक्य नसेल तर भावाच्या नावे मुखत्यारपत्र करता येते. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मजकूर मात्र मोघम ठेवू नये. कोणत्या मिळकतीसाठी आणि कोणत्या कृतींसाठी अधिकार दिला आहे ते त्यात नेमके लिहावे. भावावर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही, तर पुढे त्यालाच कोणाला उत्तरे द्यावी लागू नयेत म्हणून सांगतो.

घर केवळ आईंच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात निवासी मिळकतीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, आणि नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी ते ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. सवलतीसाठी सर्व खरेदीदार महिला असाव्या लागतात, म्हणजे सोबत मुलाचे नाव घातले की ती गेली. आईंचे नाव लावायचे ठरवलेच, तर भावंडांशी त्याविषयी आताच मोकळेपणाने बोलून घ्यावे आणि आईंचे मृत्युपत्रही त्याच सुमारास करून ठेवावे.

विमानतळाविषयी आपण विचारलेले नाही, पण एजंट तो विषय काढणारच. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली आहेत, आणि त्यामुळे या सगळ्या बाजूचे भाव वाढतील असे सांगितले जाते. याच विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, एवढा तो प्रश्न गावाने ताणलेला होता. भाव वाढतीलही, परंतु आई-वडिलांनी राहण्यासाठी घेतलेले घर आपण पुढची दहा-पंधरा वर्षे विकणार नाही, तेव्हा या कारणासाठी एक रुपयाही जादा देऊ नये.

आपल्या दोन घरांपुरते विचाराल, तर मी जुळे सोलापुरातील रो-हाऊसकडे झुकेन, पण खालच्या मजल्यावर झोपण्याची खोली असेल आणि हौद वरपर्यंत भरत असेल तरच. या दोन्हींपैकी एक जरी नसेल आणि फ्लॅटची लिफ्ट व पाणी चोख असेल, तर विजापूर रस्त्याचा फ्लॅट घ्यावा आणि मनात किंतु ठेवू नये. वडिलांचे मत मात्र आपल्या प्रश्नात कोठेच आलेले नाही. उत्तर कसब्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सकाळी ओटा ओलांडताच चार ओळखीचे चेहरे दिसत असतात, आणि नव्या वस्तीत ते दिसायला वेळ लागतो. काही जणांना तो बदल मानवतो, काहींना नाही, आणि हे आधी कोणी सांगू शकत नाही.

म्हणून एक सुचवतो. खरेदी सहा महिने पुढे ढकलून जुळे सोलापुरातच एखादे घर अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घ्यावे. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, त्यामुळे तो कच्च्या कागदावर उरकू नये. वाडा लगेच रिकामा करू नये, त्याला कुलूप लावून किल्ली वडिलांकडेच राहू द्यावी. हा मुक्काम एप्रिल ते सप्टेंबर असा पडला तर पाण्याची टंचाई, उन्हाळा आणि सोलापुरात सप्टेंबरमध्ये पडणारा मोठा पाऊस हे तिन्ही अनुभव आई-वडिलांच्या पदरी पडतील, कोणत्या गल्लीत पाणी साचते तेही कळेल. सहा महिन्यांच्या भाड्याचे पैसे वाया गेले असे वाटण्याचे कारण नाही, कारण एवढ्या अवधीत शेजारपाजारच्या ओळखीतून विकाऊ घरांची माहिती एजंटाच्या आधी वडिलांच्या कानावर येते, आणि त्यात दलालीही वाचते.