टायर लवकर झिजले? क्लेमआधी हे बघ

भांडायला जाण्याआधी टायर नीट बघ. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा गेला तर जास्त, एकच बाजू खाल्ली तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलेली. अशा झिजेला वॉरंटी सहसा मिळत नाही. ती कारखान्यातल्या दोषासाठी असते. फुगा आला तर? बहुतेक वेळा खड्ड्याचा मार म्हणून नाकारतात.

झीज सगळीकडे सारखी आणि तरी लवकर झाली असेल, तर दोष टायरचाच असू शकतो; प्रयत्न करून बघ:

- बिल आणि अलाइनमेंट-रोटेशनच्या (टायरांची जागा बदलण्याच्या) पावत्या ने. नवखे इथेच अडकतात.
- नक्षीची खोली १.६ मिमीवर येण्याआधी जा.
- नव्या गाडीचे टायर असले तरी क्लेम टायर कंपनीकडेच.

भरपाई सहसा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते, फुकट टायर नाही. आणि तपासणी होईपर्यंत जुना टायर पंक्चरवाल्याला देऊ नकोस!