मैत्रिणीने स्वतः घडवलेला सिरॅमिकचा मग भेट दिला आहे. तो जरा कलता आहे आणि तळाला खडबडीत लागतो. वापरावा की शोकेसमध्ये जपून ठेवावा?

वापरा. अगदी रोजच्या चहाला वापरा.

माझ्याकडेही मैत्रिणीने चाकावर घडवलेला एक वाडगा आहे. ती आठवडाभर बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या एका स्टुडिओत मातीकाम करते. तिच्या वाडग्यात मी आमटी ओरपते, ताक पिते. ती घरी आली आणि वाडगा ओट्यावर खरकटा दिसला, की तिचा चेहरा खुलतो. आपल्याकडे चांगलं भांडं पाहुण्यांसाठी ठेवायची सवय आहे. हाताने घडवलेल्या भांड्याच्या बाबतीत ती मोडावी, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या हातात जो मग आलाय, तो बऱ्याच ठिकाणी फसू शकला असता. आधी माती मळून तिच्यातली हवा काढायची. मग गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा. शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण गोळा जरा जरी बाजूला राहिला तरी भिंत उचलताना एका अंगाला पातळ होते. थोडं सुकल्यावर भांडं उलटं करून तळ कोरायचा, कान पातळ मातीने चिकटवायचा. कान आणि मग वेगवेगळ्या वेगाने सुकले तर नेमकी सांध्यावर चीर जाते. त्यानंतर पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला, नंतर ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत लेप, आणि स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट झालेलं भांडं, असेल तर दुसरी भाजणी १२०० अंशांच्या वर. ओल्या मातीपासून इथवर येताना भांडं दहा-बारा टक्के आक्रसतं. निवतानाही घाई चालत नाही. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते आणि भट्टी भराभर थंड झाली तर भांडी तडकतात. मी एकदा तिच्यासोबत भट्टी उघडताना उभी होते. तडकलेली, भट्टीतल्या फळीला चिकटलेली भांडी बाजूला काढताना कुणी काही बोलत नव्हतं. त्यातून जे धड निघालं, त्यातलं एक तिने मला दिलं.

कलतेपणाचं म्हणाल, तर मग टेबलावर डगमगत नसेल तर काहीच बिघडत नाही. तळ खडबडीत लागतो कारण तिथलं ग्लेझ मुद्दाम पुसून काढतात. भट्टीत ग्लेझ वितळून काचेसारखं होतं. ते तळाला राहिलं तर अख्खा मग फळीलाच चिकटून बसेल. टेबलावर ओरखडे पडत असतील तर तळ ओला करून बारीक वॉटर पेपरने घासा.

आता चहा पिण्याचं. मैत्रिणीला सरळ विचारा की आतलं ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठीचं आहे ना आणि त्यात शिसं नाही ना. हा प्रश्न कुणालाच लागत नाही, मातीकाम करणारे तो एकमेकांना विचारतात. नीट भाजलेलं स्टोनवेअर फार टिकाऊ असतं. आपल्या लोणच्याच्या बरण्या त्याच जातीच्या, वर्षभर मीठ आणि आंबट पोटात ठेवूनही त्या तशाच राहतात. माठ घेताना वाजवून पाहतो तसा मग टिचकी मारून पाहा. आवाज खणखणीत आला तर उत्तम, बद्द आला तर कुठेतरी चीर असू शकते. रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर मग पाझरतोय, त्यात पेनं ठेवा. फ्रिजमधून काढून लगेच उकळतं काही ओतू नका. सोनेरी किंवा चंदेरी नक्षी असेल तर मायक्रोवेव्ह नाहीच.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. "छान आहे" एवढ्यावर थांबू नका. रंग कशाने आला ते विचारा. निळा असेल तर बहुधा कोबाल्ट, तपकिरी असेल तर बहुधा लोह, आणि त्यावर ती तासभर बोलेल. मगावर बोटांच्या गोल वळ्या दिसत असतील तर त्या तिच्याच बोटांच्या आहेत, त्यावरून हात फिरवून पाहा. "मला अजून सहा करून दे, सेट होईल" असं मात्र म्हणू नका. लोक अगदी सहज म्हणतात, आणि माती, ग्लेझ, भट्टीचं भाडं हे सगळं तिच्या खिशातून जातं. खरंच सेट हवा असेल तर पैसे देऊन मागा. आणि पुढची भट्टी उघडायची असेल तेव्हा मलाही बोलाव, असं तिला आत्ताच सांगून ठेवा.