कमरेतलं ‘इंजेक्शन’ आणि विम्याचा नकार

प्रश्न : वकीलसाहेब, माझं वय 51. शिरोली एमआयडीसीत लेथचं लहान वर्कशॉप आहे. मशिनपुढं उभं राहून कंबर गेली. 2022 ला मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं, त्याचा क्लेम कंपनीनं दिला. पण डाव्या पायातली कळ राहिलीच. गेल्या नोव्हेंबरात कोल्हापुरातच एका डॉक्टरांकडे पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी (सुईतून नसेला विजेचे ठोके द्यायचा उपचार) करून घेतली. सकाळी 8 ला दाखल, संध्याकाळी 5 ला घरी. बिल 71,400 रुपये. पॉलिसी जून 2018 पासून एकदाही खंड न पडता चालू आहे. 12 जानेवारी 2026 च्या पत्रानं कंपनीनं क्लेम नाकारला. कारणं तीन : 24 तास दाखल नव्हता म्हणून हा ओपीडीतला उपचार आहे; उपचार सिद्ध झालेला नाही; आणि 2016 च्या एका केसपेपरवर कंबरदुखीची नोंद आहे, ती पॉलिसी घेताना सांगितली नाही. एजंट म्हणतो, “त्यात काय ओ, पुढच्या बारीला एक रात काढल्यासारखं दाखवू.” मेहुणा म्हणतोय, “नस जाळून घेतलीस व्हय? डॉक्टरवरच केस टाक.” कारण आराम निम्माच पडलाय. काय करू?

उत्तर : तुम्ही पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. कंपनीच्या पत्रापेक्षा मला तुमचं डिस्चार्ज कार्ड जास्त खटकलं. त्यावर उपचाराच्या रकान्यात एवढंच लिहिलंय : ‘डावीकडे एल-5 नर्व्ह रूट इंजेक्शन दिले. प्रकृती स्थिर.’ कार्ड लिहिणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरनं घाईत रोजच्या बोलीतला शब्द वापरला असणार. आपल्याकडे कमरेत सुई गेली की तिला इंजेक्शनच म्हणतात, पेशंटही आणि नर्सही. पण टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर बसलेल्या माणसानं ‘इंजेक्शन’ वाचलं, दाखल आणि डिस्चार्जच्या वेळा बघितल्या आणि ओपीडीचा शिक्का मारला. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. म्हणून तुमची खरी लढाई एका शब्दाशी आहे, आणि ती तुम्हाला किती दुखतंय हे सांगून जिंकता येणार नाही. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये नेमकं काय झालं, हे कागदावर आलं पाहिजे.

काय झालं, ते आधी मेहुण्यांसाठी सांगतो. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या जुन्या पद्धतीत सुईचं टोक साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दुखण्याची खबर नेणारी बारीक नस निकामी करतात. मणक्याच्या सांध्यांकडे जाणाऱ्या नसांबाबत ते चालतं. तुमची अडचण होती एल-5 च्या, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्यापासल्या नसेच्या मुळाशी, आणि ती नस पायाचा पंजा वर उचलायचंही काम करते. ती जाळली तर पाऊल लुळं पडायचं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पल्स्ड पद्धत निवडली. तीत विजेचे 20 मिलिसेकंदांचे ठोके सेकंदाला 2 वेळा देतात आणि मधल्या वेळात उष्णता विरून जाते. टोकाचं तापमान 42 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. नस जाळायची नसते, तिच्या मुळाशी असलेल्या गँगलिऑनवर (चेतापेशींच्या गाठीवर) विद्युतक्षेत्राचा परिणाम साधायचा असतो. ही पद्धत 1998 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. फायदा बहुधा काही महिने टिकतो, मग कधी पुन्हा करावी लागते. तेव्हा ‘जाळून घेतलीस’ हे घरात बोलायला ठीक आहे, कंपनीला लिहायच्या पत्रात चुकूनही येऊ देऊ नका.

आता पहिलं कारण, 24 तासांचं. विमा नियामकानं डे-केअर उपचाराची व्याख्या ठरवून दिली आहे आणि बहुतेक सगळ्या पॉलिसींत ती जशीच्या तशी छापलेली असते. तिला दोन अंगं आहेत. पहिलं, उपचार रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात, पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन, तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे 24 तासांच्या आत झालेला असावा. दुसरं, तसं नसतं तर त्यासाठी 24 तासांपेक्षा जास्त दाखल राहावं लागलं असतं. आणि शेवटी शेपूट : जो उपचार एरवी ओपीडीतच होतो तो यात धरायचा नाही. कंपनी या शेपटाला धरून बसली आहे.

पहिलं अंग सिद्ध करायला तुमचे इनडोअर (दाखल असतानाचे) केसपेपर लागतील, डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी केल्यापासून 72 तासांत कागद देणं डॉक्टरांवर 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. त्यात मला पाहायची आहे प्रोसिजर नोट. हा उपचार नीट केला असेल तर तिच्यात सुई जागेवर आहे का हे तपासताना 50 हर्ट्झला पायात मुंग्या किती व्होल्टला आल्या, 2 हर्ट्झला स्नायू उडाला का, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) किती होता, 42 अंशांवर किती सेकंद ठेवलं, हे आकडे असतात. साध्या इंजेक्शनच्या नोटमध्ये यातलं काही नसतं. शिवाय सी-आर्मच्या (थिएटरमधल्या एक्स-रे मशिनच्या) फोटोंवर छापलेली तारीख-वेळ, एकदाच वापरायच्या आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी) सुईच्या पाकिटावरचा स्टिकर (तो बहुधा केसपेपरला चिकटवतात), भुलेची नोंद, संमतिपत्र आणि नंतर निरीक्षणाखाली ठेवलेल्या तासांचा नर्सिंग चार्ट. एवढं समोर ठेवल्यावर ‘ओपीडीत सुई टोचली’ म्हणणं कोणालाही जड जाईल.

दुसरं अंग अवघड आहे, तिथे डॉक्टरांचं पत्र हवं. हा उपचार नसता तर पर्याय काय होता? एकदा ऑपरेशन झालेल्या मणक्याचं पुन्हा ऑपरेशन असेल, तर त्यासाठी काही दिवस दाखल राहावं लागलं असतं, आणि डॉक्टरांचं तसं मत असेल तर ते त्यांनी स्पष्ट लिहावं. नसेल तर लिहून मागू नका. याच पत्रात त्यांनी हेही लिहावं की कार्डावरचा ‘इंजेक्शन’ हा शब्द अपुरा आहे आणि मूळ प्रोसिजर नोटप्रमाणे अमुक उपचार झाला. पत्रावर आजची तारीख घालावी. जुन्या कार्डात खाडाखोड करायची नाही, नवं कार्ड जुन्या तारखेनं काढायचं नाही. खुलासा वेगळा आणि बनावट वेगळी.

यावरून तुमच्या एजंटकडे येतो. ‘एक रात काढल्यासारखं दाखवू’ हा सल्ला त्यांनी किती जणांना दिला असेल कोण जाणे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे आणि बनावट दस्तऐवजाला कलम 336. कंपनीचा तपासनीस रुग्णालयात येऊन नर्सिंग चार्ट आणि बिलिंग रजिस्टर ताडून बघतो, त्यात रात्र सापडत नाही. मग पैसे तर जातातच, 2018 पासून सांभाळलेली पॉलिसीही जाते. त्या दिवशी एजंट फोन उचलेल असं मला वाटत नाही.

रुग्णालयाबद्दल आणखी एक गोष्ट तपासा. तुम्ही पत्रात त्याला एकदा ‘क्लिनिक’ म्हटलंय, एकदा ‘दवाखाना’. जागेची महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी आहे का? शहर हद्दीत ती महापालिका करते. नोंदणी नसेल आणि स्वतःचं ऑपरेशन थिएटर नसेल, तर पॉलिसीतली रुग्णालयाची किंवा डे-केअर केंद्राची व्याख्याच पुरी होणार नाही आणि मग माझा वरचा सगळा युक्तिवाद पाण्यात. प्रमाणपत्राची प्रत आधी मिळवा.

दुसरं कारण, ‘सिद्ध न झालेला उपचार’. कंपनीनं एक्सक्लुजन (वगळलेल्या खर्चाचा) कोड 16 दिलाय. त्यात म्हटलंय की ज्या उपचाराच्या परिणामकारकतेला पुरेसा वैद्यकीय लेखी आधार नाही, त्याचा खर्च मिळणार नाही. प्रामाणिकपणे सांगतो, कंपनीकडे इथे थोडं बोलायला जागा आहे. कमरेच्या नसेसाठी या पद्धतीवर झालेले अभ्यास आहेत, पण ते सगळे एका सुरात बोलत नाहीत. तरी ‘मतभेद आहेत’ आणि ‘आधारच नाही’ यांत फरक आहे, आणि अपवादाचं कलम लागू होतं हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते. डॉक्टरांना चार-पाच प्रकाशित अभ्यासांच्या प्रती पत्राला जोडायला सांगा. कंपनी असंही म्हणेल की नियामकानं 2019 मध्ये ज्या 12 आधुनिक उपचारांना वगळायला मनाई केली, त्या यादीत हा नाही. खरं आहे, नाही. पण यादीत नसलेला प्रत्येक उपचार आपोआप वगळला जातो, असं कुठेही लिहिलेलं नाही. गंमत म्हणजे अनेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत ‘आरएफक्यूएमआर’ नावाचा एक भलताच उपचार असतो. सुरुवातीची ‘आरएफ’ ही अक्षरं तीच. तुमच्या पॉलिसीत तो असेल आणि कोणी त्याचा आधार घेतला, तर गोंधळ तिथल्या तिथे दाखवून द्या.

तुम्ही पॉलिसीची फक्त पहिली 4 पानं पाठवलीत. अटींची पूर्ण पुस्तिका काढा आणि डे-केअरची यादी आहे की ‘सर्व डे-केअर उपचार’ असं म्हटलंय ते बघा. दुसरं असेल तर तुमचं पारडं बरंच जड होईल.

तिसऱ्या कारणानं मला हसू आलं. ज्या मणक्याच्या ऑपरेशनचे पैसे याच कंपनीनं 2022 मध्ये दिले, तोच मणका 2026 मध्ये ‘लपवलेला जुना आजार’ झाला. शिवाय 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती दिली नाही’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमचे 60 महिने जून 2023 मध्येच झाले. 2016 च्या केसपेपरवर ‘कंबरदुखी, 5 दिवस’ एवढंच आहे. लेथवर काम करणाऱ्या माणसाची 5 दिवसांची कंबरदुखी म्हणजे फसवणूक, हे सिद्ध करायचं तर कंपनीला बरंच खपावं लागेल. मध्ये कधी विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे 60 महिने वेगळे मोजतात, पण 71,400 साठी तो प्रश्न यायचा नाही.

आता कंपनीचं नकारपत्र जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलंय की नकारपत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला नंतर खटल्यात काढता येत नाही. नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते आणि कारण पॉलिसीच्या नेमक्या कलमासह द्यावं लागतं. तुमच्या पत्रात समितीचा उल्लेखच नाही. मंजुरीची प्रत मागा.

जायचं कुठं? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सगळ्या कागदांसह. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, तक्रार ऑनलाइन करता येते. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, म्हणजे माझं काम नाही; तरी मी तुम्हाला तिथेच आधी पाठवतोय. मर्यादा 50 लाखांची आहे, मुदत कंपनीच्या नकारापासून 1 वर्ष. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तो 30 दिवसांत पाळला नाही तर कंपनीला तुम्हाला दिवसाला 5,000 रुपये द्यावे लागतात.

लोकपालांकडे जमलं नाही तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र आणि फी ही भरलेल्या प्रीमियमवर ठरते आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. मुदत 2 वर्षं, आणि ती 12 जानेवारी 2026 पासूनच मोजा. मधल्या पत्रव्यवहारानं ती वाढते या भरवशावर राहू नका. फक्त आयोगात आधी गेलात तर लोकपालांचं दार बंद होतं, म्हणून क्रम बदलू नका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे हल्ली प्रत्येक अशील ‘थेट बेंचलाच जाऊया’ म्हणतो. 40 वर्षांची मागणी पुरी झाली, आनंद मलाही आहे, पण 71,400 च्या क्लेमसाठी तो रस्ता नव्हे.

राहिली डॉक्टरवरची केस. उपचारानं पूर्ण गुण आला नाही, एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून हे पक्कं आहे. निम्मा आराम हा या उपचारात वाईट निकालही नव्हे. संमतिपत्रात ‘वेदना कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही, पुन्हा करावं लागू शकतं’ असं लिहून तुमची सही असेल तर प्रश्नच मिटला. पायाला नवी अशक्तता आली असती, पंजा उचलेना झाला असता, तर मी वेगळं बोललो असतो. आणि व्यवहाराचं सांगतो : कंपनीविरुद्ध तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार हे डॉक्टरच आहेत. त्यांना नोटीस पाठवलीत तर ते खुलाशाचं पत्र कशाला देतील?

पुढच्या वेळी पुन्हा करायची झाली, तर दाखल होण्याआधी कॅशलेस मंजुरीची विनंती डॉक्टरांकडून पाठवा. त्यात ‘डे-केअर, ऑपरेशन थिएटर, स्थानिक भूल, पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी’ हे शब्द असू द्यात आणि ‘इंजेक्शन’ हा शब्द नको. कंपनीनं 1 तासात निर्णय द्यायचा असतो. नकार आला तरी तो लेखी आणि आधीच आलेला असेल, मग पैसे भरायचे की थांबायचं हे तुम्ही ठरवू शकाल.

केसपेपर, नोंदणीची प्रत आणि पॉलिसीची पुस्तिका हातात आली की मला पाठवा. तक्रारीचा मसुदा मी बघून देतो, सही तुमची.