स्नायू, कंडरा की अस्थिबंध?

प्रश्न असा आला आहे: खेळाडूच्या गुडघ्याचा ‘स्नायू’ फाटल्याची बातमी होती, पण वैद्यकीय अहवालात लिगामेंट लिहिलं होतं. हिंदी पुस्तकातही लिगामेंटला ‘स्नायु’च म्हटलंय. मग बरोबर काय?

मराठीत लिहायचं तर लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. बातमी चुकली, हिंदी पुस्तक मात्र चुकलेलं नाही. त्यांनी सुश्रुतसंहितेतला अर्थ धरून ठेवलाय. तिथे स्नायू ९००, पेशी ५०० आणि कंडरा १६ मोजल्या आहेत. फळ्या बांधलेली होडी जसा भार पेलते तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर, असा तिथला दृष्टान्त आहे. म्हणजे स्नायू बांधणारा. आकुंचन पावणारं मांस ते पेशी. मराठीत पेशी ‘सेल’साठी रुळली आणि स्नायू मांसाकडे सरकला. बंगालीत तर स्नायू म्हणजे नर्व्ह!

आता शरीरातलं. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा (काही पुस्तकांत स्नायुरज्जू). दोन्ही संयोजी ऊती (जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या टिश्यू): पेशी थोड्या, त्यांच्याभोवती कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू भरपूर. कंडरेत हे तंतू ओढीच्या दिशेने जवळजवळ समांतर असतात, अस्थिबंधात थोडे तिरकेही. स्नायू या गटातच बसत नाही, त्याची ऊती वेगळी. रक्त मात्र संयोजी ऊतींतच मोजतात, हे ऐकून बरेच जण चमकतात.

खुर्चीवर बसून पाय सैल सोडा, गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवा आणि पाय सरळ करा. बोटाखाली जो जाड पट्टा ताणला जातो, त्याचं नाव ठरवणं अवघड आहे. वाटी हे हाडच, म्हणून तो अस्थिबंध. पण वाटी मांडीच्या स्नायूच्या कंडरेतच तयार झालेली, म्हणून कंडराही. दोन्ही नावं चालतात.

बातमीतली चूक नुसती शब्दाची नाही. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे किरकोळ ताण काही आठवड्यांत भरून येतो. अस्थिबंधाला तो कमी. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला तर सहसा आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रियेत तो शिवण्याऐवजी बहुधा रुग्णाचीच कंडरा काढून त्या जागी बसवतात. ‘स्नायू फाटला’ वाचणारा खेळाडू महिन्याभरात परतेल असं धरून चालतो. आणि पाय मुरगळल्यावर आपण ‘शीर ताणली’ म्हणतो, तेव्हा बहुतेकदा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणलेला असतो. शीर म्हणजे रक्तवाहिनी, तिचा इथे काही संबंध नाही.